गच्चीवरचं जाकीट

वाळत घातलेल्या मिरच्या आणायला वर गेले आणि जिन्यावरून पडले, असं मी सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरला सांगितलं, पोलिसाला सांगितलं. एफ्ताली माझ्या नावानं चर्चमध्ये मेणबत्ती लावायला निघाली तेव्हा तिच्याबरोबर देवालाही तोच निरोप धाडला. देव काही बोलला नाही. एफ्ताली मात्र इस्पितळाच्या खोलीच्या दारातून वळून म्हणाली, "मिरच्या तर तुझ्या खाली ओसरीत टांगलेल्या आहेत गं, पोलिक्सेनी."

एफ्ताली माझी शेजारीण. आमच्या दोन अंगणांच्या मधे एक तुतीचं झाड आहे, आणि ते कुणाचं यावरून आम्ही दोघी सुना म्हणून या गावात आलो तेव्हापासून भांडतोय. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणून मी डोळे मिटले आणि जोरात कण्हले. खुबा मोडलेली बाई कण्हली तर कुणी कारण विचारत नाही.

घर माझं नाही, माझ्या मुलाचं. लिगोरचं. तो एकुलता एक. बाप गेल्यावर गावातल्या बाकीच्या तरण्या पोरांसारखा तोही सीमेपलीकडे ग्रीसला गेला, बांधकामावर. तिकडे परक्याच्या भिंती चढवायच्या आणि त्या कमाईतून इकडे आपल्या भिंती चढवायच्या, हीच आमच्या गावाची रीत होऊन बसली आहे. प्रत्येक घराच्या डोक्यावर लोखंडी सळया उभ्या. पुढचा मजला पोरगा आल्यावर!

लिगोर दर उन्हाळ्यात यायचा. मग एका उन्हाळ्यात आला नाही. "काम आहे, आई." पुढच्या ईस्टरला आला नाही. "वरचा मजला होऊ दे. मग येतो. एकदम राहायलाच येतो." त्या काळी फोनवर माणसाचं तोंड दिसत नसे, नुसता आवाज यायचा. आवाज ठणठणीत होता. पण आईनं नुसत्या आवाजावर किती दिवस काढायचे? मी तीन वर्षं काढली. रात्री जेवताना त्याचं ताट मांडायचं मी कधीच सोडलं होतं, पण भाकरी मोडताना मोठा तुकडा बाजूला ठेवायची सवय काही केल्या हातातून गेली नाही. मग तो सकाळी कोंबड्या खात.

आणि तो वरचा मजला! गोगलगाय बरी. पूर्वी लिगोरकडून दर महिन्याला काही ना काही यायचं, ते आटत चाललं होतं. वांजेलला सिमेंट मिळालं की माणसं मिळत नसत, माणसं मिळाली की सिमेंट संपलेलं असे. वांजेल आमचा मिस्त्री आणि कंत्राटदारही तोच. माझ्या नवऱ्याच्या चुलत भावाचा मुलगा. म्हणजे काम नीट झालं तर मिस्त्री, आणि बिघडलं तर घरचा माणूस.

त्याच दिवसांत कधीतरी लिगोरनं बसच्या ड्रायव्हरबरोबर एक गाठोडं पाठवलं. साबण, कॉफी, माझ्यासाठी चपला, आणि तळाशी त्याचं कामावरचं जाकीट. निळं, पाठीवर पिवळा पट्टा. मागे एकदा त्यानं फोटो पाठवला होता त्यात अंगावर हेच होतं. फोनवर म्हणाला, "जुनं झालंय. शेतात घालायला होईल तुला."

मी कसलं शेतात घालते! नाकाला लावलं तर सिमेंटचा वास, त्याच्या मागे त्याचा वास. आणि मग मला ती बाही दिसली. उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उभी फाटली होती आणि कुणीतरी ती शिवली होती. बारीक, एकसारखे टाके, कुठे गाठ नाही, कुठे ओढ नाही. मी जन्मभर शिवणकाम केलंय. बाप्याचे टाके मला दुरून ओळखू येतात. बटण लावताना ते दोर वळल्यासारखं लावतात. इतकी माया लावून कामावरचं फाटकं जाकीट शिवते ती बाई पैसे घेऊन शिवणारी नसते.

काय सांगू, किती आनंद झाला मला! म्हणजे तिकडे कुणीतरी आहे. म्हणून येत नाही तो. ग्रीक असेल, आई काय म्हणेल म्हणून भितोय. मी तिथल्या तिथे मनाशी ठरवून टाकलं, ग्रीक तर ग्रीक. जी असे टाके घालते तिच्याशी बोलायला भाषा कशाला हवी? जाकीट मी कपड्यांच्या पेटीत वरच ठेवलं. कधीमधी उघडायची आणि त्या बाहीवरून बोट फिरवायची. सुनेची भेट म्हणा ना.

आता बुजगावण्याचं. अर्धवट घराला लोकांची नजर लागते म्हणून आमच्यात वर एक बुजगावणं उभं करतात. येणाऱ्याजाणाऱ्याचा डोळा आधी त्याच्यावर पडावा, घरावर नको. आमच्या घरावर ते नव्हतं. इतकी वर्षं रखडलेल्या घराला कोण कशाला नजर लावेल? पण मी पडले त्या आठवड्यात वांजेलनं वरची स्लॅब टाकली आणि त्याला वाटलं, आता हवं. मी द्राक्षाच्या मळ्यात गेले होते. त्यानं दोन फळ्यांचा क्रूस ठोकला, पोत्यात पेंढा कोंबून डोकं केलं, आणि आत जाऊन पेटीतलं जे जुनं कापड पहिलं हाताला लागलं ते त्याला चढवलं. आपलं काम झालं म्हणून माणसं घेऊन निघून गेला.

संध्याकाळी मी डोक्यावर पाटी घेऊन वळणावर आले, आणि वर बघितलं. गच्चीवर लिगोर उभा होता.

पाठमोरा होता. निळं जाकीट, पिवळा पट्टा, हात पसरलेले. आपल्या नव्या घरावर उभा राहून समोरचा डोंगर बघतोय असा. ऊन माझ्या डोळ्यांवर येत होतं. वाऱ्यानं त्याची बाही हलली. मी हाक मारली. वळला नाही. लहानपणीही पहिल्या हाकेला कधी वळला नव्हता. मी पाटी तिथेच टाकली, द्राक्षं रस्ताभर झाली. चर्चच्या दोन पायऱ्यांना कुरकुरणारे माझे गुडघे त्या दिवशी कुठे गेले होते कोण जाणे. "लिगोर! अरे, आधी सांगायचं नाही का!" असं ओरडत मी जिना चढले. जिन्याला कठडा नव्हता. वांजेल वसंतापासून घालतो घालतो म्हणत होता. मी अगदी वरच्या वळणावर पोचले तेव्हा मला त्याचं तोंड दिसलं. तोंडाच्या जागी पोतं होतं.

मी मागे सरले. मागे जिना नव्हता.

हे मी कुणाला सांगणार? पोलिक्सेनी बुजगावण्याला भेटायला धावत गेली. गावानं ते लग्नाकार्यात सांगितलं असतं, पुढच्या पिढीलाही पुरलं असतं. लोक हसले असते त्याचं मला फार नव्हतं. पण लिगोरच्या कानावर गेलं असतं, की आईची ही दशा झालीय. म्हणून मिरच्या.

इस्पितळात वांजेल आला. बायकोनं केलेलं कोंबडीचं सूप घेऊन आला, खाटेच्या कडेला बसला आणि टोपी काढून हातात पिळू लागला. मी ओळखलं, सूप फुकटचं नाही.

"काकू, एक मागणं आहे."

"बोल."

"तू स्वयंपाकघरात पडलीस असं म्हण की. स्टुलावरून. ह्या इस्पितळवाल्यांनी वर कळवलंय, बांधकामावर पडली म्हणून. आता चौकशीला येतील."

"स्टुलावरून पडून खुबा मोडतो होय रे?"

"तुझ्या वयात खाटेवरून उतरतानाही मोडतो."

"वय काढलंस ना? मग सूप घेऊन जा परत."

"काकू, चेष्टा नको गं. मला काही परवाना नाही, तुला ठाऊक आहे. बुडेन मी. आणि कठडा... अगं, सळया आणून ठेवल्यात घरी. तुझी शपथ."

त्याचे डोळे भरले होते. लहानपणी हा आमच्या तुतीवरून पडला होता तेव्हा मीच पट्टी बांधली होती त्याला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करायचं काय? "बरं," मी म्हटलं. "स्टूल तर स्टूल." तो उठला तेव्हा मी म्हटलं, "ते वरचं बुजगावणं काढू नकोस."

"का?"

"नजर लागेल."

"काकू, अजून काय लागायचं राहिलंय?" असं म्हणून तो गेला. सूप चांगलं झालं होतं.

मला घरी आणलं, खालच्या खोलीत खाट मांडली, आणि चार दिवसांनी ती आली. ब्रुनिल्डा. कामगारांच्या सुरक्षेचं बघणारी, तालुक्याच्या कचेरीतली. वय तिशीचं, बूट चांगले पण चिखलानं भरलेले. आधी घरात आलीच नाही. बाहेरच टेप लावून जिना मोजत बसली. मग आत आली आणि खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसली. एफ्ताली अर्थातच हजर होती. पाहुणी आली म्हणून तिनं फडताळातली कोवळ्या अक्रोडांच्या मुरंब्याची बरणी काढली. ती बरणी लिगोरसाठी राखलेली होती, पण आता पडल्या पडल्या ओरडायचं कसं? दारात वांजेल उभा होता, पुन्हा टोपी पिळत.

"आजी, तुम्ही कुठून पडलात?"

"स्टुलावरून."

"स्टूल कुठाय?"

हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी वांजेलकडे बघितलं, वांजेलनं छताकडे बघितलं.

"मोडलं," एफ्ताली एकदम म्हणाली. "मीच चुलीत घातलं. कुजकंच होतं मेलं."

जन्मभराच्या भांडणात पहिल्यांदाच मला एफ्तालीचा मुका घ्यावासा वाटला. ब्रुनिल्डानं मुरंबा खाल्ला, वर पाणी प्यायली, बशी खाली ठेवली. मग खिशातून एक काळा रुमाल काढून माझ्या पांघरुणावर ठेवला. माझा डोक्याचा रुमाल होता.

"जिन्याखाली विटांच्या ढिगात सापडला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "आजी, मला कुणाला फासावर द्यायचं नाही. पण हे असं आहे बघा. बांधकामावर कुणी पडलं तर दोघांपैकी एकानं उत्तर द्यायचं असतं. एक तर काम ज्याच्या हाती त्यानं, नाहीतर जागा ज्याची त्यानं. तुम्ही स्टूल म्हणालात की दोघंही सुटतात. पण जिना आहे तसाच राहतो. मग उद्या तिथून दुसरं कुणीतरी पडतं, आणि मी पुन्हा येते."

"काम ज्याच्या हाती त्याचं नाव घेतलं तर काय होतं?"

"दंड होतो. तुमचं औषधपाणी त्याच्यावर. काही दिवस काम बंद."

वांजेलच्या टोपीचं आता फडकं झालं होतं.

"आणि जागा ज्याची त्याचं?"

"जागा तुमचीच ना?"

"नाही. मुलाची. तो ग्रीसमध्ये असतो."

"मग त्याला नोटीस जाईल. त्याला यावं लागेल."

"फोनवर नाही चालायचं? तो फोनवर चांगला बोलतो."

"नाही आजी. समक्ष. समोर बसून उत्तर द्यायचं आणि सही करायची. नाही आला तर घराला टाळं."

समक्ष. समोर बसून. तो शब्द मी तोंडातल्या अक्रोडासारखा बराच वेळ घोळवला. तीन वर्षं मी विनवण्या केल्या, आजारपणाची सोंगं केली, एकदा तर मेंढी व्यायलीय म्हणून सांगितलं जी आमच्याकडे नव्हतीच. यातलं काहीच त्याला इकडे आणू शकलं नाही. आणि ही चिखलाच्या बुटांची पोरगी म्हणत होती, यावं लागेल.

"लिही मग, पोरी," मी म्हटलं. "जिन्यावरूनच पडले. कठडा नव्हता. दोष जागेच्या मालकाचा. लिगोरचा."

एफ्तालीच्या हातातला चमचा खाली पडला. "अगं, शुद्धीवर आहेस का? पोटच्या पोरावर फिर्याद?"

"पोटचा आहे म्हणूनच. परक्यावर केली असती तर परका आला असता."

गावाला बरेच दिवस दुसरा विषय नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली म्हाताऱ्या बाईनं, असं एफ्ताली पाराशी सांगत होती, आणि हे तीच मला येऊन सांगत होती. वांजेल सुटला, पण सुटलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. माझ्यासमोर येणं टाळायचा. एक दिवस बाहेर ठोकाठोकी ऐकू आली. कठडा बसवत होता, कुणी न सांगता. दुसऱ्याच्या लग्नात नवरदेव म्हणून उभं केल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं असं एफ्ताली म्हणाली. तिच्या उपमांचा अर्थ लावायचा नसतो.

लिगोरचा फोन आला.

"आई, तू माझं नाव दिलंस?"

"दिलं."

"रागावलीस माझ्यावर?"

"ये म्हणजे सांगते."

"आई, मी आलो तर तू..."

"तर काय?"

"काही नाही. येतो."

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. मी काय केलं होतं? पोराला कोर्टकचेरीच्या धाकानं घरी ओढत होते. तो शत्रूसारखा समोर बसला तर? बसू दे. तोंड तर दिसेल. मला त्याच्या तोंडाची इतकी भूक लागली होती की रागावलेलंही चाललं असतं. सकाळी एफ्तालीकडून मी दुसरी खाट मांडून घेतली आणि तिच्यावर दोन उशा ठेवायला लावल्या. ती बया बघून हसली. तो तिला घेऊन येणार, टाके घालणारीला, अशी माझी पक्की खात्री होती.

ठरल्या दिवशी वांजेलनं आपल्या व्हॅनमध्ये गादी टाकली आणि मला कचेरीत नेलं. मी नवा रुमाल बांधला होता. मांडीवर पालेभाजी भरलेल्या बिरेकचा डबा होता, अजून गरम. ब्रुनिल्डा टेबलामागे, मी वॉकर धरून खुर्चीत, वांजेल भिंतीशी. बस सीमेवर अडकली असेल, ती म्हणाली. आम्ही वाट बघत बसलो. व्हरांड्यातून काठीचा आवाज येत होता, टक, आणि मागून पाय फरफटल्याचा. मला वाटलं, माझ्यासारखंच कुणी म्हातारं आलंय बिचारं.

दार उघडलं. लिगोर होता.

उजवा पाय लाकडासारखा ताठ. उजवा हात कोपरात वाकलेला, तसाच राहिलेला. केस कानांशी पांढरे. मी त्याच्याकडे बघायच्या आधी त्याच्या मागे बघितलं, देव मला क्षमा करो. मागे कुणी नव्हतं.

"आई," तो म्हणाला. आवाज तोच होता, फोनवरचा, ठणठणीत.

मला उठायचं होतं, उठता येईना. त्याला वाकायचं होतं, वाकता येईना. शेवटी त्यानं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, मी त्याच्या कोटाची कड धरली, आणि आम्ही तसेच राहिलो. ब्रुनिल्डा खिडकीतून बाहेर बघत होती. मग तिनं घसा खाकरला, कारण तिला तिचं काम होतं.

"जागेचे मालक तुम्ही?"

"मीच."

"जिन्याला कठडा नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"विचारायला हवं होतं," लिगोर म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या नाही तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. दोष माझा आहे. लिहा."

"तुमच्याच लक्षात का?"

तो माझ्याकडे न बघता बोलला. "मीही तसाच पडलो. थेसालोनिकीला, एका इमारतीत. जिन्यासाठी सोडलेल्या भोकातून. झाकलं नव्हतं."

"चौकशी झाली?"

"कशाची? मालकाचं तोंड मी कधी बघितलं नाही. तो म्हणे माणसं कंत्राटदाराची. कंत्राटदार म्हणे जागा मालकाची. दोघांनी कानांवर हात ठेवले. मग कंत्राटदार इस्पितळात आला, संत्री घेऊन. चांगला माणूस होता तसा. म्हणाला, घरी पडलो म्हणून सांग. खुर्चीवरून."

"मग?"

"सांगितलं."

वांजेलकडे कुणी बघितलं नाही, त्याची गरज नव्हती. माझ्या मांडीवरचा डबा मला चटके देत होता आणि तो बाजूला ठेवायचं मला सुचत नव्हतं. तीन वर्षं. माझं पोर तीन वर्षं मोडून पडलं होतं आणि मी इथे मेंढी व्यायल्याच्या थापा मारत होते. त्या मालकाची इमारत केव्हाच बांधून होऊन तिथे कुणी राहायलाही गेलं असेल. पोरं जिन्यावरून पळत असतील.

"बाई," वांजेल भिंतीशीच उभा राहून म्हणाला. "ते खोडा."

"काय खोडू?"

"मालकाचा दोष लिहिलाय ते. जिना माझा. माणसं माझी. कठडा मी घालायचा होता, सळया माझ्या घरी गंजत पडल्या होत्या. माझं नाव घाला तिथे."

"वांजेल, राहू दे रे," लिगोर म्हणाला.

"तू गप बस. तिकडे गप्प बसलास ते पुष्कळ झालं." मग माझ्याकडे वळला, आणि त्याचा आवाज फुटला. "काकू, मी सूप आणलं होतं गं तुला. बाजारात संत्री मिळाली असती तर संत्रीच आणली असती."

"खोडता येत नाही," ब्रुनिल्डा म्हणाली. "नवं लिहावं लागतं."

"मग लिहा नवं. पण भराभर लिहा. मी काही संत नाही, मन बदलेल माझं."

तिनं भराभर लिहिलं. पुढे दंड झाला तेव्हा वांजेल महिनाभर त्या घटकेला शिव्या घालत होता, तेही सांगून टाकते. पण नाव त्यानं परत घेतलं नाही.

घरी येताना व्हॅनमध्ये आम्ही मायलेक गादीवर शेजारी शेजारी पडून आलो. बिरेक खाल्ला. दर खड्ड्याला दोघंही एकदम "आई गं" म्हणायचो आणि त्याला हसू यायचं. वांजेलनं आम्हाला अंगणात तुतीखाली खुर्च्यांवर बसवलं आणि गेला.

लिगोरनं वर बघितलं. "ते माझं जाकीट आहे?"

"हो."

मग मी त्याला सांगितलं. मिरच्यांसाठी गेले नव्हते ते. वळणावरून काय दिसलं ते. हाक मारली ते. सगळं सांगितलं, पोत्याच्या तोंडासकट. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. डाव्या हातानं डोळे पुसत राहिला.

"तुला सांगितलं असतं तर तू तिकडे आली असतीस," तो म्हणाला. "मला असं बघितलं असतंस. घर तरी पुरं होऊ दे म्हटलं. घराकडे बघशील, माझ्याकडे कमी बघशील."

"बावळटा," मी म्हटलं. मग जे इतका वेळ विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. "ती कुठाय?"

"कोण ती?"

"माझ्यापासून काय लपवतोस आता? बाही शिवणारी. उजवी. मी टाके बघितलेत."

त्यानं पुन्हा वर बघितलं.

"आई, ती बाही डॉक्टरांनी कात्रीनं कापली. हात बाहेर निघत नव्हता. मी शिवली."

"तू?"

"किती महिने पडून होतो. करायला काही नाही. हा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्यानं. वाकडं यायचं की उसवायचो, पुन्हा घालायचो. तू मोजे रफू करायला बसवायचीस ना मला, गाठ दिसली की कान धरायचीस. तुझा हात आठवून आठवून घातले ते. मग फेकून देववेना. म्हटलं, तुझ्याकडे असू दे."

मी त्या टाक्यांवरून किती संध्याकाळी बोट फिरवलं होतं. सून म्हणून. माझंच पोर होतं ते, एकटं, परक्या खाटेवर पडून माझा हात आठवणारं. मी मोठ्यानं रडले. मला कुणाची लाज वाटली नाही. पलीकडे एफ्ताली कोरडे कपडे पुन्हा वाळत घालत होती, म्हणजे ऐकत होती, ऐकू दे.

"परत जाणार?" मी शेवटी विचारलं.

"तिकडे एका गॅरेजची राखण करतो. रात्रीची. दुसरं कोण आहे तिकडे?" तो काठीच्या टोकानं माती उकरत राहिला. "वरचा मजला काही व्हायचा नाही आता, आई."

"खालची खोली आहे. खाट मांडलीय. उशा दोन आहेत, एक पाठीला घे."

तो हसला. उन्हं कलली होती, वर वाऱ्यानं बुजगावण्याची बाही हलत होती. "मी काढलं असतं ते," तो म्हणाला आणि नव्या कठड्याकडे, मग स्वतःच्या पायाकडे बघू लागला. मी माझ्या वॉकरकडे बघितलं. त्या गच्चीवर चढेल असं आता आमच्या घरात कुणी नव्हतं. "वांजेलला सांगतो, उद्या काढायला."

"नको," मी म्हटलं. "असू दे वरच. इतके दिवस या घराला कोण नजर लावणार होतं? आता लागेल."